सुगंधाचा भरवसा

सुगंधाचा भरवसा एकसष्ट होता आणि तिच्या धाकट्या जावेचा, हर्षदाचा, चौऱ्याण्णव. हे हेदकोंडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

खरं तर कुणालाच कळायला नको होतं. 'चाहूल' ज्याचा आकडा त्यालाच सांगायची. पण गावात असली गुपितं कधी टिकली आहेत? ज्यांचे आकडे चांगले आले त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात विहिरीवर सांगून टाकले. जे गप्प राहिले त्यांचे आकडे लोकांनी मनानेच ठरवले. सुगंधाने बरेच दिवस दम धरला. लोक आपला आकडा चाळिशीत धरतात हे कानावर आलं, तेव्हा मात्र तिने स्वतःच एकसष्ट सांगून टाकला. एकसष्ट म्हणजे अगदी काही वाईट नव्हे, असंही वर सांगितलं. त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

हेदकोंड म्हणजे डोंगराच्या उतारावर एकाखाली एक बसवलेली चाळीसेक घरं. पूर्वी चार महिने पुरवून पुरवून पडणारा पाऊस आता चार दिवसांत सगळं देणं उरकून टाकायचा. पलीकडच्या खोऱ्यातली एक वाडी अशाच पावसात गेली, तेव्हा सरकारला जाग आली आणि या बाजूच्या सगळ्या वाड्यांवर दरडीचा आगाऊ इशारा देणारी चाहूल बसवण्यात आली.

उतारावरची माती म्हणजे शेवटी कणांचा ढीग. कण एकमेकांना घासून, अडवून, धरून बसलेले असतात, म्हणून उतार उभा राहतो. पाऊस मुरतो आणि कणांमधल्या फटींत पाणी शिरतं. तिथवर ठीक असतं. फटी भरून गेल्या आणि पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नाही, की ते कणांना आतून ढकलायला लागतं. कणांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि काल ज्या मातीवर घर बांधलं होतं ती आज पेजेसारखी खाली वाहू लागते. हा आतला दाब मोजायला चाहूलच्या माणसांनी डोंगरात लांबच लांब खुंट्या पुरल्या होत्या. पण खुंटीला कळतं ते तिच्या आसपासचं. डोंगर मात्र दोन खुंट्यांच्या मधून सुटायलाही मोकळा असतो.

म्हणून चाहूल माणसांनाही विचारायची. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, आटलं, कुठे भेग पडली, झाड कललं, अंगणातली फरशी उचलली गेली, तर फोनवर सांगायचं. आता माणूस म्हटला की कुणी घाबरट, कुणी थापाड्या, कुणी आंधळा. सगळ्यांचं सारखंच ऐकलं तर रोज भोंगा वाजेल, आणि वाजून वाजून खऱ्या वेळी कुणी घराबाहेर पडणार नाही. म्हणून कुणी काय सांगितलं आणि पुढे डोंगराने काय केलं, याचा मेळ घालून चाहूल प्रत्येकाचा भरवसा ठरवायची. ज्याचा भरवसा जास्त, त्याच्या शब्दाला वजन जास्त. नियम माणसांना होता तसाच यंत्रांनाही होता. एखादी खुंटी खोटं बोलली तर तिचाही भरवसा उतरायचा.

सुगंधा खोटं बोलत नव्हती. तिला फक्त सगळंच मोठं दिसायचं. खालच्या रस्त्याने डंपर गेला की तिला डोंगर हलल्यासारखा वाटे. न्हाणीघराच्या भिंतीची लग्नाआधीची भेग तिने तीनदा कळवली होती. हर्षदा कमी बोलायची, आणि बोलायची ते बघून बोलायची. लग्न होऊन आल्यापासून तिचं हे असंच होतं, आणि तेव्हापासूनच सुगंधाच्या ते डोळ्यांवर येत होतं. यंत्राने फक्त त्याला आकडा दिला.

आणि आकडा एकदा मिळाला, की तो पावसापुरता थोडाच राहतो! मुलगी बघायला आलेले पाहुणे हळूच भरवसा विचारू लागले. बचत गटात हर्षदा बोलायला लागली की बाया गप्प व्हायच्या. सगळ्यांत वाईट म्हणजे सुगंधाचा नवरा रमाकांत. भात कापायचं असो नाहीतर पापड वाळत घालायचे असोत, तो म्हणायचा, "हर्षदाला इचार एकदा."

"माज्या पापडांचं तिला काय कळतंय?" सुगंधा एकदा भडकली.

"पापडांचं नाय गो, पावसाचं."

"मग तिच्याच हातचे खा जा पापड!"

मधली एक भिंत सोडली तर दोघींचं घर एकच होतं. हर्षदाचा नवरा जहाजावर, त्यामुळे तिची पाच वर्षांची स्वरा दिवसभर सुगंधाच्याच पदराला. सुगंधाला ती मोठी आई म्हणायची. पोरीवर सुगंधाचा जीव होता. पोरीच्या आईचं नाव निघालं की मात्र पोटात दुखायचं, आणि ते दुखणं कुठल्याच काढ्याने जात नव्हतं.

श्रावण सरत आला आणि गावकीची बैठक बसली. गणपतीत हेदकोंडात तेरड्याची गौर येते. वरच्या झऱ्यावर जाऊन तेरड्याची जुडी सुपात घ्यायची, तिला हळदकुंकू वाहायचं आणि वाजतगाजत गावात आणायची. बाकीच्या बाया गाणी म्हणतात. जिच्या हातात सूप असतं तिने मात्र घराचा उंबरा ओलांडेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बोललीच, तर देवी आल्या पावली परत जाते, असं तिथे मानतात. पहिली गौर आणायचा मान शिगवणांच्या थोरल्या सुनेचा. सुगंधाने तो वीस वर्षं सांभाळला होता. जन्माची बडबडी बाई, पण त्या वाटेवर तिने एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

गावकीचे म्होरके, गावकर सोनूतात्या खाकरले. "औंदा गौर हर्षदाच्या हातानं आनूया. सगळ्या वाडीत तिचा भरवसा जास्त. देवीला पन बरं वाटंल."

"देवीनं इचारला काय आकडा?" सुगंधा म्हणाली.

लोक हसले. रमाकांतही हसला. हर्षदा मान खाली घालून म्हणाली, "तात्या, राहू दे. वयनींचा मान हाय तो." सुगंधाच्या अंगाचा तिळपापड झाला. नको म्हणण्याचा मोठेपणासुद्धा हिनेच घ्यायचा?

ठराव झाला तो झालाच.

त्या आठवड्यात पावसाने उघडीप दिलीच नाही. घराघरांत गणपतीची भिंत सारवायला लाल मातीची काव भिजत घातलेली होती. चतुर्थीच्या दोन दिवस आधी सकाळी सुगंधा पाणी आणायला म्हणून कळशी घेऊन निघाली, तेव्हा त्या कळशीत घट्ट कालवलेली काव होती. हर्षदा रोज न्याहारी आटोपून झरा बघायला जाते हे तिला माहीत होतं. झऱ्याच्या वर, जिथून पाणी फुटतं तिथे, सुगंधाने कळशी पालथी केली. पाणी लालभडक झालं. मग ती आडवाटेने घरी येऊन तांदूळ निवडत बसली. चांगली फजिती होऊ दे, एवढंच तिच्या मनात होतं. यापलीकडे तिने खरंच काही योजलं नव्हतं.

थोड्याच वेळात देवळाच्या कळसाजवळचा भोंगा वाजला आणि घराघरातल्या पेट्यांतून चाहूलचा स्वच्छ, शहरी आवाज आला. भोंगा वाजला की चाहूल कारणही सांगायची. कारण कळलं की माणसं लवकर हलतात, असं तिच्या बनवणाऱ्यांनी ताडलं होतं.

"हर्षदा शिगवण यांनी वरच्या झऱ्याचं पाणी लाल झाल्याचं कळवलं आहे. झऱ्याखालच्या टाकीवरच्या यंत्रानेही पाणी गढूळ असल्याचं दाखवलं आहे. सर्वांनी ताबडतोब शाळेकडे निघावं."

शाळा पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, कातळाच्या सपाट सड्यावर होती. अख्खं गाव भर पावसात तिकडे पळालं. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, सणाला मुंबईहून आलेली माणसं बॅगा डोक्यावर घेऊन निघाली, कुणाचं दूध उतू गेलं, कुणाचा गणपती उघड्यावर राहून त्याचा रंग ओघळला. सगळे संध्याकाळपर्यंत ओलेत्याने बसून राहिले. डोंगर जागचा हलला नाही.

परतताना कुणी हर्षदाशी बोललं नाही. चाहूलने हिशेब करून टाकला. हर्षदा सत्तेचाळीसवर आली. टाकीवरच्या यंत्राचा शब्दही बाद ठरला आणि त्यावर दुरुस्तीची खूण पडली. हर्षदाने आपला आकडा लपवला नाही. विचारेल त्याला खाली मान घालून सांगितला.

सुगंधाला त्या रात्री छान झोप लागायला हवी होती. लागलीसुद्धा. पण सकाळी हर्षदा तिच्या ओट्यावर येऊन बसली.

"गौर तुम्हीच आणा वयनी. तात्यांना मी सांगितलंय."

"बरं."

"मी डोळ्यांनी बघितलं हो. पाणी लालच होतं. घरी येऊन हात धुतले तरी नखांत लाल राहिलं होतं." तिने बोटं पुढे केली. "कुणाला खरं वाटत नाही. तुम्हाला तरी वाटतं ना?"

"वाटतं गो," सुगंधा म्हणाली. सगळ्या गावात हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारी तीच एक होती.

गौरीच्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. रमाकांत घरी मखर आवरत होता आणि स्वरा गौरीसाठी काढलेल्या रांगोळीच्या पावलांवर उड्या मारत होती. सुगंधा ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. दहाबारा बाया गाणी म्हणत वर चढल्या. सर्वांत मागे हर्षदा. झऱ्यावर पूजा झाली, सुगंधाच्या हातात सूप दिलं गेलं आणि तिने ओठ मिटले. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं. सगळ्यांच्या पुढे ती, आणि जिच्या मागे गाव लागलं होतं ती पार शेवटी.

"थांबा," मागून हर्षदा म्हणाली.

ती झऱ्यापाशी वाकली होती. एवढ्या पावसात झऱ्याला तट्ट फुगायला हवं होतं, पण धार मनगटाएवढी उरली होती. आणि जी होती ती मातकट होती, दुधात चहा ओतल्यासारखी. हर्षदाने ओंजळीत पाणी घेतलं. तळाशी बारीक रेव बसली.

"आत कुठंतरी वाट बंद झालीय," ती म्हणाली. "पाणी आत साठतंय."

"परत सुरू झाली हिची," कुणीतरी पुटपुटलं.

हर्षदाने फोन काढून जे दिसलं ते सांगितलं. "नोंद घेतली. आभारी आहोत," चाहूल म्हणाली. बाया कान देऊन उभ्या राहिल्या. भोंगा वाजला नाही. खुंट्यांवरचा दाब चढलेला होता, पण धोक्याच्या सीमेच्या आत होता. ती सीमा ओलांडायला एखादा वजनदार शब्द लागणार होता, आणि सत्तेचाळीसच्या शब्दात तेवढं वजन नव्हतं. खाली टाकीवरचं यंत्रही त्या घटकेला पाणी गढूळ, पाणी गढूळ म्हणून ओरडत असणार. पण त्याचंही ऐकायचं नाही, असं ठरलेलं होतं.

हर्षदाने रमाकांतला फोन लावला. "भावजी, स्वराला घेऊन शाळेत जा. सगळ्यांना सांगा." पलीकडून त्याचं हसणं सगळ्यांना ऐकू आलं. "आज गौरीच्या दिवशी? भोंगा तर वाजू दे गो." तिने तात्यांना लावला. त्यांनी उचललाच नाही.

सुगंधा सूप घेऊन उभी होती. तिला बोलायची मनाई होती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ही मनाई तिला बरीच वाटली. बोलायचंच नसेल तर काय करणार? तिने पायाखाली बघितलं. वाटेच्या कडेला केसाएवढी चीर होती. ती बघत असतानाच चिरेत पाणी शिरलं आणि कडेचं गवत बोटभर खाली सरकलं. या वेळी तिला काही मोठं दिसत नव्हतं. जेवढं होतं तेवढंच दिसत होतं.

ही चीर सरळ खाली गेली तर पहिलं घर त्यांचंच.

बोलली, तर भोंग्याबरोबर कारणही वाजणार. तिचं नाव, काव, कळशी, सगळं सगळ्या घरांतून, मुंबईच्या पाहुण्यांसमोर, रमाकांतसमोर, स्वरासमोर. आणि हर्षदा परत चौऱ्याण्णव. हा शेवटचा विचारसुद्धा तिच्या मनात येऊन गेला. येऊ नये अशा वेळी आला, पण आला.

तिने सूप खाली ठेवलं.

"दे तो फोन," सुगंधा हर्षदाला म्हणाली.

"वयनी! गौर—"

"दे म्हनते ना!" तिने फोन हिसकावून घेतला. "चाहूल, जुनी नोंद दुरुस्त करायची हाय. मी सुगंधा रमाकांत शिगवण. गनपतीच्या आधी हर्षदानं लाल पानी सांगितलं ते खरं व्हतं. मी झऱ्यात काव ओतली व्हती. भिंतीला लावायची काव. ती खोटं नाय बोलली आनि तुजं टाकीवरचं यंत्र पन खोटं नाय बोललं. मी केलं ते."

मागच्या बाया पुढे येऊन सुगंधाचं तोंड बघू लागल्या. चाहूलला मात्र धक्का वगैरे बसत नाही. त्या दिवसाची एक गोष्ट तिच्याकडे उलगडायची राहिली होती. मातीने गढूळलेलं पाणी निवळायला दिवस घेतं. त्या दिवशीचं पाणी मात्र रंग ओतावा तसं लाल होऊन घटकाभरात निवळलं होतं. सुगंधाची काव त्या जागी बरोबर बसली. हर्षदाचा शब्द परत वजनाचा झाला. टाकीवरच्या यंत्राचाही झाला, आणि ते यंत्र आत्ताही गढूळच दाखवत होतं. खुंट्यांचा दाब, यंत्र आणि हर्षदा, तिघांची बेरीज सीमेपार गेली.

खालून भोंगा उठला.

"हर्षदा शिगवण यांनी वरच्या झऱ्याचं पाणी आटून गढूळ झाल्याचं कळवलं आहे. मागच्या इशाऱ्याच्या वेळी सुगंधा शिगवण यांनी झऱ्यात काव ओतली होती, असं त्यांनी स्वतः कबूल केलं आहे. त्यामुळे हर्षदा शिगवण यांचा भरवसा पूर्ववत धरला आहे. सर्वांनी ताबडतोब शाळेकडे निघावं."

पावसात तो आवाज सगळ्या डोंगराला ऐकू गेला, आणि चाहूल ते पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

बाया आडव्या वाटेने सड्याकडे धावल्या. सुगंधा मात्र खाली घराकडे पळत सुटली. वाटेतच रमाकांत भेटला, स्वराला खांद्यावर टाकून धापा टाकत येणारा. त्याने बायकोकडे बघितलं आणि पोर तिच्या हातात दिली. मग तो म्हाताऱ्या सोनूतात्यांना उचलायला मागे वळला.

शेवटची माणसं पऱ्या ओलांडून सड्यावर चढली, तेव्हा डोंगरातून ताशाच्या तडतडीसारखा आवाज आला. ती मुळं तुटत होती. मग वरच्या झऱ्याची अख्खी बाजू, झाडं उभीच्या उभी घेऊन, खाली निघाली. शिगवणांचं घर पहिलं गेलं, मधल्या भिंतीसकट. त्यानंतर खालची घरं एकेक करत दिसेनाशी झाली. फार वेळ लागला नाही.

शाळेत गावकीने नावं पुकारली. सगळे होते.

सुगंधा कोपऱ्यात बसली. तिच्या भोवती दोन माणसं झोपतील एवढी जागा मोकळी होती आणि शाळेत तर पाय ठेवायला जागा नव्हती. सोनूतात्या तिच्याकडे बघत म्हणाले, "औंदा गौर बोलत आली."

समोर फळ्याखाली गौर मांडली होती. सुगंधाने झऱ्यावर ठेवलेलं सूप हर्षदाने पळताना उचललं होतं. धावपळीत ती कुणाशी एक शब्दही बोलली नव्हती, आणि शाळेचा उंबरा ओलांडून तिने देवी आत आणली होती. तेरड्याला चिखल लागला होता. बाया एकेक करून हर्षदाच्या हातून कुंकू लावून घेत होत्या. मान गेला तो गेलाच, सुगंधाच्या मनात आलं, आणि या घटकेलाही आपल्याला हे सुचतंय म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

स्वरा तिच्या मांडीवर झोपून गेली तेव्हा हर्षदा उठून आली. मधली मोकळी जागा ओलांडून ती भिंतीला टेकून शेजारी बसली. बराच वेळ ती लेकीच्या पायांवरचा चिखल पुसत राहिली.

"कशापायी केलंत, वयनी?"

"तुजा चौऱ्याण्णव व्हता," सुगंधा म्हणाली. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

हर्षदाने डोळे पुसले. रमाकांतने घरातून उचलून आणलेला सुगंधाचा फोन तिने घेतला, चाळला आणि तिच्यासमोर धरला. "नवीन भरवसा आलाय तुमचा. बघा."

"जळो तो मेला."

"बघा तरी."

सुगंधाने बघितलं. सत्त्याण्णव. चाहूलला लाजबीज काही कळत नव्हती. या बाईने सांगितलेली गोष्ट तंतोतंत खरी निघाली, स्वतःला महाग पडेल हे माहीत असून तिने ती सांगितली, आणि तिच्या सांगण्यावरून सगळं गाव वाचलं, एवढंच तिला कळलं होतं. सुगंधाने आकडा दोनदा वाचला. आयुष्यभर जे हवं होतं ते हातात होतं, आणि ज्याला ते जाऊन दाखवावं असं सबंध शाळेत एकही माणूस नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. ते तिने पदराने टिपलं आणि नाक ओढलं. मग काही केल्या राहवेना.

"आनि तुजा?" तिने विचारलं.

हर्षदाने आपला फोन स्वराच्या पायाखाली पालथा सरकवला.

"तो मी तुम्हाला मरेपर्यंत सांगायची नाही," ती म्हणाली.

आणि तिने तो खरंच कधी सांगितला नाही.